खाऱ्या पाण्याच्या टाकीत कॅल्शियम: किती, कधी आणि कशाच्या जोडीनं

टाकीतलं कॅल्शियम ३८५ पीपीएम (लिटरला ३८५ मिलिग्राम) भरलं की हात सप्लिमेंटच्या बाटलीकडे जातो. त्याआधी खारटपणा मोजा. समुद्राच्या पाण्यात ३५ पीपीटी (किलोला ३५ ग्राम मीठ) खारटपणाला कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम असतं. टाकीचा खारटपणा ३२ पीपीटी, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२४ च्या आसपास असेल, तर त्याच हिशेबानं कॅल्शियम ३८४ येणारच. तिथे कॅल्शियम कमी नाही, मीठ कमी आहे. अशा टाकीत कॅल्शियम क्लोराइड घालून आकडा ४२० केला आणि पुढच्या आठवड्यात खारटपणा सुधारला, की कॅल्शियम ४६० च्या घरात जातं. मग हीटरवर पांढरा थर का चढतोय, ते कळत नाही. म्हणून आधी खारटपणा ३५ वर आणा, दोन दिवस थांबा, मग बाकीच्या चाचण्या करा.

दुसरी गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची. कॅल्शियम एकटं खर्च होत नाही. कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो बांधताना पाण्यातून २० पीपीएम कॅल्शियम गेलं, तर त्यासोबत सुमारे २.८ डीकेएच अल्कलिनिटीही जाते. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, डीकेएच हे तिचं माप. दुकानात हिलाच केएच म्हणतात. हे प्रमाण ठरलेलं आहे. आता गंमत पाहा: ४२० मधून २० गेले तर किटवर फरक धड दिसतही नाही, पण ८.४ मधून २.८ गेले तर टाकी संकटात येते. म्हणून रोजचा डोस अल्कलिनिटी पाहून ठरवायचा आणि कॅल्शियम तेवढ्याच मापात सोबत द्यायचं. नुसतं कॅल्शियम ओतत राहणं हीच सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

मुळात गरज आहे का?

फक्त मासे असतील, किंवा झोआ, मशरूम, लेदर अशी मऊ कोरल असतील, तर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की पुरतं. कॅल्शियमची बाटली घेऊच नका. कठीण सांगाड्याची कोरल, टाकीतले शिंपले आणि दगडांवर पसरणारं जांभळं कोरलाइन शेवाळ हे खरे गिऱ्हाईक.

इथे एक सूचना. भारतात दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. आपल्या किनाऱ्यावरून काढलेला तुकडा, मग तो मेलेला का असेना, टाकीत ठेवणं गुन्हा आहे. परदेशात टाकीत वाढवलेलं, कागदपत्रांसह आलेलंच घ्या आणि ते कागद जपून ठेवा.

टाकीत पाणी नेमकं किती?

सगळे डोस यावर बेतलेले आहेत, म्हणून काचेच्या मापावर जाऊ नका. आपल्याकडे टाकी फुटात सांगतात, आणि १ घनफूट म्हणजे २८.३ लिटर. ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी कागदावर १९१ लिटरची होते. पण पाणी १६ इंचांपर्यंतच भरलं, तर ते १७० लिटर. त्यातून दगड आणि वाळू साधारण २० लिटर जागा खातात, म्हणजे राहिले १५०. खालच्या सम्पमध्ये (टाकीखालच्या जोडटाकीत) ५० लिटर पाणी असेल तर एकूण २०० लिटर. पुढची सगळी उदाहरणं या २०० लिटरच्या टाकीची आहेत.

कोणतं पाणी, कोणती पावडर

द्रावण करायला आणि उडालेलं पाणी भरून काढायला आरओ-डीआयचं (आरओनंतर रेझिननं क्षार काढलेलं) पाणी घ्या, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्याच्या जवळ. नाशिकमध्ये महापालिकेचं पाणी असो की बोअरचं, दोन्हींत स्वतःचं कॅल्शियम आणि इतर क्षार असतात. बोअरच्या पाण्यात तर फारच. स्वयंपाकघरातला आरओही चालत नाही, कारण त्यात चवीसाठी मिनरलचं कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर बसवलेला असतो आणि तो क्षार परत मिसळतो. फिल्टरनंतर डीआय रेझिनचं वेगळं कार्ट्रिज लावा.

कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागतं. लॅब केमिकल विकणाऱ्या दुकानांत ५०० ग्रामच्या डब्यात मिळतं. लेबलवर एआर (प्रयोगशाळेची शुद्धता), आयपी (औषधाची शुद्धता) किंवा फूड ग्रेड लिहिलेलं पाहा, आणि 'डायहायड्रेट' हा शब्द आवर्जून वाचा. यात २७ टक्के कॅल्शियम असतं, तर निर्जल म्हणजे ॲनहायड्रसमध्ये ३६ टक्के. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की डोस तिसऱ्या हिश्श्यानं चुकतो.

अल्कलिनिटीसाठी खायचा सोडा, म्हणजे शुद्ध सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर, धुण्याचा सोडा आणि पापडखार यांपैकी काहीही चालणार नाही.

नाशिक जिल्ह्यात एक धोका जास्त आहे. द्राक्षबागांमुळे इथल्या कृषी सेवा केंद्रात कॅल्शियमची खतं सहज आणि स्वस्तात मिळतात. कॅल्शियम नायट्रेट टाकीत घातलं तर कॅल्शियमबरोबर नायट्रेटही चढत जातं. फवारणीच्या मिश्र खतांत जस्त आणि तांबं असतं. तांब्यानं कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मरतात. घरात बाग असेल तर बोर्डो मिश्रणाला वापरलेली बादली, मग, चाळणी, काहीही टाकीपर्यंत येऊ देऊ नका. मोरचुदाचा अंश प्लास्टिकच्या ओरखड्यांत राहतो आणि तो विसळून जात नाही. बागेचा कळीचा चुना आणि पानाच्या डबीतला चुनाही नको. एकाच्या शुद्धतेचा भरवसा नाही आणि दुसऱ्यात काय काय मिसळलंय ते सांगता येत नाही. मेडिकलमधल्या कॅल्शियमच्या गोळ्या बहुतेक कार्बोनेटच्या असतात, टाकीच्या पीएचला त्या विरघळतच नाहीत. शिंपल्यांचा चुरा किंवा संगमरवराची खडी टाकूनही आकडा हलत नाही, कारण तेच.

दोन बाटल्या भरणं

खालचं माप मुद्दाम सौम्य ठेवलं आहे. हात चुकला तरी सावरता येतं, आणि दोन्ही बाटल्यांचा डोस मिलीलिटरला मिलीलिटर सारखा राहतो.

बाटली क, कॅल्शियम: ७३.५ ग्राम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, एकूण द्रावण १ लिटर.

बाटली अ, अल्कलिनिटी: ८४ ग्राम खायचा सोडा, एकूण द्रावण १ लिटर.

०.१ ग्रामपर्यंत मोजणारा काटा घ्या. जाड प्लास्टिकच्या भांड्यात आधी ७०० मिलीलिटर पाणी, मग त्यात पावडर थोडी थोडी. उलटं, म्हणजे पावडरवर पाणी, करू नका. विरघळताना भांडं कोमट होतं. ॲनहायड्रस असेल तर चांगलंच तापतं आणि थंड काच तडकू शकते. हातमोजे आणि चष्मा घाला. गार झाल्यावर १ लिटरपर्यंत पाणी वाढवा. द्रावण किंचित गढूळ दिसलं तर रात्रभर ठेवून वरचं निथळ घ्या.

कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उघड्या डब्यातली पावडर दोन दिवसांत ओलसर होते, गूळ पाझरावा तशी, आणि मग ७३.५ ग्रामातले किती ग्राम पाणीच असतं. डबा फोडला की सगळी पावडर त्याच दिवशी द्रावणात घाला, नाहीतर घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसह ठेवा.

सोड्याचं द्रावण उन्हाळ्यात सहज होतं. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरला की बाटलीच्या तळाशी स्फटिक बसतात. ते बसले असतील तर वरचं द्रावण पातळ झालेलं असतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून स्फटिक पुरते विरघळवा, मगच डोस द्या.

टाकीचा पीएच ७.९ च्या खाली राहत असेल, जे खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये हमखास होतं, तर सोडा भाजून घ्या. ओव्हनमध्ये १७५ ते २०० अंशांवर पसरट ट्रेमध्ये एक तास. ८४ ग्रामचे ५३ ग्राम राहिले की भाजणं पूर्ण झालं असं समजा. वजन ६० भरलं तर अजून भाजा. आता तो सोडियम कार्बोनेट झाला. ते ५३ ग्राम १ लिटरमध्ये घाला, ताकद तीच राहते, पण पीएच वर नेतो. म्हणून तो हळूहळूच सोडायचा.

२०० लिटरच्या टाकीत या द्रावणांचा परिणाम असा: बाटली क चे १० मिलीलिटर म्हणजे १ पीपीएम कॅल्शियम. बाटली अ चे १० मिलीलिटर म्हणजे ०.१४ डीकेएच.

आधी खड्डा भरा

डोस सुरू करण्यापूर्वी तीन आकडे जागेवर हवेत: मॅग्नेशियम १२५० ते १३५०, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०. याच क्रमानं सुधारा.

मॅग्नेशियम आधी का? कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक वाढू लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर बसून वाढ अडवतं. ते १२०० च्या खाली गेलं तर तुम्ही घातलेलं कॅल्शियम कोरलपर्यंत न पोचता पंपावर आणि वाळूत जमतं. 'कितीही घाला, कॅल्शियम चढतच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. २०० लिटरमध्ये १२०० वरून १३०० करायला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट सुमारे १६७ ग्राम लागतं. ते तीन-चार दिवसांत विभागून द्या.

आता कॅल्शियम. समजा चाचणी ३७० आली आणि ४२० हवं. फरक ५० पीपीएम, गुणिले २०० लिटर, म्हणजे १०,००० मिलिग्राम कॅल्शियम. बाटली क च्या १ मिलीलिटरमध्ये २० मिलिग्राम असतं, म्हणून ५०० मिलीलिटर. हे एका दमात नाही. दिवसाला २० पीपीएमच्या पुढे जाऊ नका. इथे तीन दिवस, रोज सुमारे १६५ मिलीलिटर, तेही सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं. चौथ्या दिवशी काही न घालता पुन्हा मोजा.

अल्कलिनिटीच्या बाबतीत याहून जपून: दिवसाला अर्धा डीकेएच, फार तर एक. ती झपकन चढली की फांद्यांच्या कोरलची टोकं पांढरी पडतात, आणि गेलेला भाग सहसा परत येत नाही.

ओतायची जागा म्हणजे सम्पमध्ये रिटर्न पंपाच्या ओढीजवळ, किंवा वेव्हमेकरच्या झोतात. कोरलच्या डोक्यावर कधीच नाही. दोन बाटल्यांमध्ये किमान अर्धा तास अंतर ठेवा आणि मापं वेगवेगळी वापरा. का, ते पाहायचं असेल तर एका जुन्या ग्लासात दोन्हींचे पाच-पाच मिलीलिटर एकत्र करा. पाणी क्षणात दुधासारखं होतं आणि थोड्या वेळानं तळाशी खडूची भुकटी बसते. टाकीत दोन्ही एकाच वेळी ओतलं तर हेच घडतं, फक्त ती भुकटी वाळूवर आणि कोरलच्या तोंडांवर पडते.

एक अपवाद लक्षात ठेवा. कॅल्शियम कमी आणि अल्कलिनिटी १२ च्या वर, किंवा त्याच्या उलट असेल, तर बाटली बाजूला ठेवा. चांगल्या मिठाचं पाणी करून तीन-चार वेळा १५ टक्के बदल करा. तोल ढळलेल्या पाण्यात एकच बाजू ढकलली की साका, म्हणजे तीच खडूची भुकटी, बसतो.

रोजचा डोस काढणं

आकडे जागेवर आले की दोन दिवस काहीही घालू नका. रोज एकाच वेळी, शक्यतो दिवे लागण्याआधी, अल्कलिनिटी मोजा. समजा दोन दिवसांत ८.४ वरून ७.८ झाली. रोजचा खर्च ०.३ डीकेएच. २०० लिटरमध्ये ०.१४ डीकेएचला १० मिलीलिटर, म्हणून ०.३ ला सुमारे २१ मिलीलिटर. बाटली अ रोज २१, बाटली क रोज २१.

हा खर्च कॅल्शियममध्ये फक्त २ पीपीएम भरतो. घरगुती किटवर १० ते २० चा फरक नुसत्या थेंब टाकण्याच्या पद्धतीनंही पडतो, म्हणून रोज कॅल्शियम मोजून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा पुरे. चाचणीच्या वेळी गुलाबीतून जांभळं आणि मग स्वच्छ निळं होईपर्यंत थांबा. शेवटच्या थेंबानंतर रंग बदलत नाही, तो आकडा धरा. थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरा, तिरकी धरली तर थेंबांचा आकार बदलतो. आकडा विचित्र आला तर डोस बदलण्याआधी किटची मुदत पाहा आणि नवीन कालवलेल्या खाऱ्या पाण्यावर तीच चाचणी करा.

कोरल वाढतात तसा खर्च वाढतो. पहिला महिना दर तीन दिवसांनी अल्कलिनिटी मोजून डोस दोन-तीन मिलीलिटरनं हलवा. अचानक खर्च निम्मा झाला, तर आनंद मानू नका. कोरलनं वाढणं थांबवलंय, कारण शोधा.

या पद्धतीत मागे साधं मीठ उरतं. वरच्या डोसाला दिवसाला सव्वा ग्रामच्या आसपास, म्हणजे वर्षात ४५० ग्राम. पाणी बदलताना खारटपणा मोजला नाही, तर तो हळूहळू चढत राहतो.

डोसिंग पंप

२१ मिलीलिटर रोज हातानं घालणं जमतं. खर्च ५० च्या पुढे गेला की पंप बरा. दिवसाचा डोस आठ-दहा भागांत, अल्कलिनिटी रात्री, जेव्हा पीएच उतरलेला असतो, आणि कॅल्शियम दिवसा. नळीचं तोंड पाण्याच्या वर दोन इंच राहू द्या, नाहीतर सायफन लागून आख्खी बाटली रिकामी होते. दोन नळ्या एकमेकींपासून लांब ठेवा. अ च्या नळीच्या टोकाला स्फटिक धरतात, ते आठवड्याला पुसा. महिन्यातून एकदा मेजरिंग सिलिंडरमध्ये दहा मिलीलिटर सोडून पंप खरंच दहा देतो का ते पाहा. नळी सैल झाली की डोस घटतो. वीज जाऊन आली की पंपाचं घड्याळ मागे पडलंय का, तेही तपासा.

पंपाखाली पाच लिटरचा कॅन ठेवू नका. आठवड्यापुरतं, म्हणजे १५० मिलीलिटर द्रावण ठेवा. यंत्र बिघडून सगळं एकदम सुटलं, तरी अल्कलिनिटी २ डीकेएचनं चढेल. धक्का बसेल, पण टाकी जाणार नाही.

चुन्याचं पाणी

हा स्वस्त आणि चांगला मार्ग आहे, पण त्यात चूक महागात पडते. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात देतं, मीठ मागे उरत नाही. संपृक्त द्रावणाचा पीएच १२ च्या वर असतो. डोळ्यांत उडालं तर इजा होते.

वर काढलेल्या खर्चाला रोज फक्त ०.८ ग्राम लागतं. ते उडालेलं पाणी भरणाऱ्या टाकीत घालायचं. आणि इथेच नाशिकचा हंगाम आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या टाकीतून जेवढं पाणी उडतं, त्याच्या कितीतरी कमी जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उडतं. प्रमाण लिटरवर ठरवलं तर उन्हाळ्यात डोस जास्त होतो आणि पावसाळ्यात उपासमार. म्हणून ग्राम दिवसावर ठरवा आणि महिन्याला उडणारं पाणी मोजून लिटरचं प्रमाण बदला. ढवळून तासभर निवू द्या, फक्त वरचं स्वच्छ पाणी जाऊ द्या, थेंबाथेंबानं, रात्री. पीएच ८.५ ओलांडता कामा नये. भांडं झाकलेलं ठेवा. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं वर साय धरते, ती म्हणजे वाया गेलेला चुना.

बिघडलं तर

टाकी अचानक दुधाळ झाली, तर सगळे डोस बंद करा. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम घालून सावरायचा प्रयत्न करू नका. पीएच आणि अल्कलिनिटी लिहून घ्या, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जोरात चालू ठेवा, त्याच खारटपणाचं आणि तापमानाचं १५ ते २० टक्के पाणी बदला. बारीक फिल्टर फ्लॉस लावा आणि तो दर काही तासांनी बदला. २४ तासांनी अल्कलिनिटी खाली गेलेली दिसेल, कारण ती साक्यात गेली. ती पुन्हा दिवसाला अर्ध्या डीकेएचनंच वर आणायची.

वाळू ढेपेसारखी घट्ट झाली, हीटरला खरखरीत थर आला, पंपाचा आवाज जड झाला, तर डोस खूप झटपट पडतोय किंवा मॅग्नेशियम कमी आहे. पंप आणि हीटर काढून, वीज बंद करून, लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. थर फसफसून निघाला तर तो कार्बोनेटच. नीट धुऊनच परत लावा.

कॅल्शियम ५०० च्या वर गेलं तर फक्त बाटली क थांबवा, अ चालू ठेवा. कोरल ते आपणहून खाली आणतात.

आठवडाभर गावाला जायचं असेल आणि पंप नसेल, तर शेजाऱ्यांच्या हातात मोठ्या बाटल्या देऊ नका. चौदा छोट्या बाटल्या घ्या, प्रत्येकीत २१ मिलीलिटर. क वर निळी पट्टी आणि वार, अ वर लाल पट्टी आणि वार. निळी सकाळी, लाल संध्याकाळी. एखादा दिवस राहून गेला तर दुसऱ्या दिवशी दोन घालू नका, हे बाटलीवरच लिहून ठेवा.